तारखेची जागा रिकामी ठेवा

उम्म अल हस्सम, मनामा
३ ऑक्टोबर २०२५

नुसरतच्या अब्बांना सलाम.

उद्या अर्सलान सुट्टीवर निघतोय, त्याच्या बॅगेत हे पत्र घालते आहे. तुमचा नवा नंबर त्याला, माझ्या बहिणीच्या मुलाला मिळतो, मला मिळत नाही. ठीक आहे. मी दाभोळच्या मराठी शाळेची मुलगी, पत्र लिहायला घाबरत नाही. तुम्ही न वाचता चुलीत घालाल म्हणून अर्सलानला बजावून ठेवलंय, समोर बसून वाचून दाखवायचं.

आधी कामाचं लिहिते, म्हणजे पुढचं वाचाल. दुकान चालू आहे. तुम्ही तीन वर्षांपूर्वी रुसून गावी गेलात म्हणून एम्ब्रॉयडरीची मशीन थांबली नाही. शाळांचे खिशावरचे बिल्ले झाले, सखीरच्या रेसवाल्यांचे टोपीवरचे चालू आहेत. आणि गेल्या आठवड्यात एक नवी पार्टी आली. नुसरतच्या सासरच्या देशाचा माणूस, पण राहतो इथे रिफाला. नाव सांगत नाही, सगळे त्याला अबू सुहा म्हणतात, सुहा त्याची मुलगी. इतका अदबशीर की मी बसा म्हणेपर्यंत खुर्चीला हात लावला नाही. त्याला बाहीवर लावायचे बिल्ले हवेत, ढालीच्या आकाराचे, डाव्या दंडावर, खांद्याच्या खाली. म्हणाला, "आमच्या सैनिकांना आठवण म्हणून द्यायचे आहेत. जे तिथे हजर होते त्यांनाच. दुसऱ्या कोणी लावला तर आम्ही बाहीच फाडतो."

चित्र मोबाईलवर होतं. वर अरबीत गावाचं नाव, बीर हमामा. खाली उंच खांबांवरची पाण्याची टाकी.

हो, तीच. नुसरतने लग्नानंतर पाठवलेल्या फोटोत जिच्याखाली तुमचा जावई कमरेवर हात ठेवून उभा आहे, ती. तुम्ही तो फोटो जाताना पाकिटात घालून नेलात, काढून बघा. चार खांब, त्यातला एक सिमेंटने लिंपलेला. चित्रात तो लिंपलेला खांबसुद्धा आहे. फरक एवढाच की चित्रात टाकी एका अंगाला कलली आहे, पोट फुटलंय आणि पाणी खाली येतंय. गावाच्या नावाखाली तारखेची जागा कोरी.

मी विचारलं, तारीख? तर म्हणाला, "ती जागा रिकामी ठेवा. इंशाल्ला, नंतर देतो."

तुम्हाला समजावून सांगायला नको. शाळेच्या गॅदरिंगचे बिल्ले आपण असेच करायचो. माल आधी तयार, तारीख सगळ्यात शेवटी, कारण मुख्याध्यापकबाई दर वेळी दिवस बदलायच्या. तारीख कोरी म्हणजे कार्यक्रम ठरला, दिवस ठरायचा बाकी. तिकडे भावाभावांत लढाई लागली आहे, अबू सुहाची माणसं बीर हमामाला तीन बाजूंनी वेढा घालून बसली आहेत, चौथ्या बाजूचा रस्ता तेवढा चालू आहे. आता त्यांनी गाव घ्यायचं ठरवलंय आणि घेतल्यावर दंडावर काय मिरवायचं ते आधीच शिवून घेताहेत. पेपरवाल्यांना माहीत नाही, मला माहीत आहे.

घाबरू नका, नुसरत गावात नाही. ती दूर बंदरावर आहे, सुखरूप. मदतवाल्या बायकांच्या ऑफिसात कपडे शिवते आणि दर शुक्रवारी तिथून मला फोन करते. तुमचा जावई खिजर मात्र गावातच. पंप सोडून येत नाही. काय तर म्हणे, पंप बंद पडला तर लोक तहानेने मरतील. आईबापांनी पाण्याच्या पीराचं, खिजरचं नाव ठेवलं म्हणून हा सगळ्या पाण्याचा मालक झाला की काय? आणि आपली पोर म्हणते, "अम्मी, त्याला घेऊनच येईन." मी तिचा व्हिजिट व्हिसा काढून ठेवलाय. एकटीचा.

माझं विचारायचं वेगळंच आहे. फुटक्या टाकीतून पडणारं पाणी मला जमत नाही. तीनदा पंचिंग केलं, कॉम्प्युटरवर टाके बसवून बसवून डोळे गेले, पण मशीनमधून बाहेर येतं ते पाणी वाटत नाही, मौलवीची दाढी वाटते. पांढरा धागा घातला की आणखीनच दाढी. या कामात हात तुमचा होता, माझा नाही. तर पाणी उतरताना टाका कसा घ्यायचा आणि धागा कुठला, एवढं अर्सलानजवळ सांगा. बाकी काही बोलायची गरज नाही.

रुकय्या


११ ऑक्टोबर

नुसरतच्या अब्बांना सलाम.

अर्सलानचा फोन आला होता. तो तुमच्या पडवीत, तुम्ही त्याच्या शेजारी. तो फोन पुढे करतोय आणि तुम्ही म्हणताय, "मी तिच्याशी बोलत नाही, तू सांग." मला सगळं ऐकू येत होतं हो. "तिला म्हणावं, पोरीला आजच्या आज सांग. खिजरला बाहेर काढ म्हणावं. टाकी जाऊ दे, माणूस वाचव." असं तुम्ही, आणि तो बिचारा तेच शब्द परत माझ्या कानात. मी म्हटलं, सांगते म्हणावं. मग तुम्ही पोरीचा नंबर मागितलात. मी म्हटलं, दर वेळी वेगळ्याच नंबरावरून येतो.

दोन्ही खोटं. नंबर एकच आहे, शिलाईच्या टेबलाजवळ भिंतीवर खडूने लिहिलाय. तो देणार नाही, आणि तिला सांगणारही नाही. हे पत्र साध्या पोस्टाने टाकते आहे. तुमच्या हातात पडेल तेव्हा सगळं उरकलेलं असेल, म्हणून मोकळेपणी लिहिते. कुणाजवळ तरी बोलल्याशिवाय मला राहवत नाही आणि तुमच्याशिवाय माझं आहे कोण?

मी आईच्या चाळिसाव्याला गावी गेले आणि तुम्ही इथे बापाच्या हक्काने वली होऊन माझ्या मुलीचा निकाह लावून मोकळे झालात. कोणाशी, तर पंपाच्या कंपनीतल्या कामगारांच्या डांगऱ्यांवर, त्या अंगभर कपड्यांवर, नावं भरून घ्यायला आलेल्या एका परदेशी माणसाशी. दोन महिने काउंटरवर करक चहा पीत रेंगाळला, तुमच्या मशीनची मोटर फुकट दुरुस्त केली, आणि तुम्हाला तो फरिश्ता वाटला. मी परत आले तेव्हा घरात तिची चप्पलसुद्धा नव्हती. तुम्ही म्हणालात, तिची मर्जी होती. माझी मर्जी कोणी विचारली? तुम्ही मला न विचारता ती देऊन टाकलीत, मी तुम्हाला न विचारता तिला परत आणते आहे. फिट्टंफाट.

शांतपणे विचार करा. मी सांगितलं तर काय होईल? ती त्याला निरोप धाडेल, तो बंदरावर येईल, मग दोघं कुठल्या तरी छावणीत जातील आणि माझी पोर जन्मभर परक्या मुलखात चादरी शिवत बसेल. नाही सांगितलं तर तो तिथेच राहील आणि टाकी पडेल. ती रडेल. वर्षभर रडेल. मी तिला रडू देईन, उशाशी बसून राहीन, डोक्याला तेल लावीन. विधवा मुलगी घरात असलेली मला चालेल. सुखी मुलगी डोळ्यांना दिसणारच नसेल तर तिच्या त्या सुखाचं मी काय करू?

काल शुक्रवार होता, तिचा फोन आला. आवाज पार बसलेला. म्हणाली, "अम्मी, दुकानात तिकडची माणसं येतात ना गं? काय म्हणतात?"

मी म्हटलं, "म्हणतात, आता मिटतंय. बोलणी चालू आहेत."

"खरंच?"

"मी कशाला खोटं सांगू?"

ती हसली हो. किती महिन्यांनी हसली. म्हणाली, "चल, मग आज पोटभर जेवते." मी म्हटलं, इथे आलीस की सांदणं करते तुला, नारळाचं दूध घालून. तर म्हणते, "त्यालाही आवडतील बघ." मी फोन ठेवून दिला.

अबू सुहाला सॅम्पल दाखवलं. पाणी अजून दाढीसारखंच आहे, पण त्याने मान डोलावली. तुम्ही अर्सलानकडून एवढा मोठा उपदेश पाठवलात, धाग्याबद्दल एक अक्षर नाही.

रुकय्या


१८ ऑक्टोबर

अहो,

वरच्या मजल्यावरची कश्मिरा, ती बँकेतली, उद्या मुंबईला जातेय. तिथून ती हे कुरिअरने पाठवेल. अर्सलानच्या तोंडून तुम्हाला निम्मं कळलंच आहे. आज चार वेळा त्याला फोन केला, चारही वेळा तुम्ही फोनवर आला नाहीत. म्हणून लिहिते.

काल नुसरतचा शुक्रवारचा फोन वाजला. मी उचलता उचलता म्हटलं, "जेवलीस का गं?" तिकडून पुरुषाचा आवाज आला. खिजर. त्याच्या त्या मोडक्या हिंदीत म्हणतो, "अम्मी, नुसरतने आपको फोन किया?"

मी त्याला कधी अम्मी म्हणू दिलं नव्हतं.

झालं ते असं. त्याच्या पंपाचं सील गेलं होतं, रबराची एवढीशी चकती. ती नुसरतने बंदराच्या बाजारातून शोधून आणली आणि मंगळवारच्या बसने ती घेऊन त्याच्याकडे गेली. गावातले फोन कधीचे बंद, त्याला पत्ता नाही. तो त्याच मंगळवारी तीच चकती घ्यायला लॉरीत बसून बंदराकडे निघालेला. रस्त्यात कुठेतरी बस आणि लॉरी एकमेकींना ओलांडून गेल्या असतील. बुधवारी चौथ्या बाजूचा रस्ताही बंद झाला. आता तो बाहेर आहे आणि ती आत, पंपघरात, त्याची वाट बघत बसलेली.

ऑफिसातल्या बायका म्हणतात, ती खुशीत गेली. कोणीतरी तिला सांगितलं होतं की आता मिटतंय. कोणी सांगितलं ते तिने कोणाला सांगितलं नाही. माणसं काहीही सांगतात. मी तर तिला सगळं नीट समजावलं होतं, पण तुमचीच पोर, ऐकते कुठे?

मी खिजरला काय म्हटलं असेल? म्हटलं, "तू बाहेर कशाला आलास?" त्याला वाटलं मी काळजीने बोलतेय. तो फोनवर लहान पोरासारखा रडला.

मग मी टॅक्सी करून रिफाला गेले. अबू सुहाचा मोठा व्हिला आहे. सुहाने दार उघडलं, सखीरला युनिव्हर्सिटीत शिकते, नाकीडोळी छान पोर. तिनेच चहा आणून दिला, वर खजूर. मी त्याला म्हटलं, भाईसाहेब, तारीख थोडी पुढे ढकला. त्याने विचारलं, तुमचं कोण आहे तिथे? मुलगी. कुठे उतरली आहे? मी सांगितलं, पंपघरात. त्याने बशी खाली ठेवली.

"टाकीच्या खालच्या?"

"हो."

"तारीख मी ठरवत नाही, बहन. मी फक्त कपड्यालत्त्याचं बघतो."

मी म्हटलं, एक बाई बाहेर येईपर्यंत थांबा म्हणून सांगा, नुसती एक बाई. पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. तो म्हणाला, इंशाल्ला, कळवतो. गेटपर्यंत पोहोचवायला आला, टॅक्सीचं दार स्वतः उघडलं. मग म्हणाला, "बिल्ले वेळेवर होतील ना?" मी हो म्हटलं. त्याला राग आला तर तो कळवायचाच नाही, म्हणून हो म्हटलं.

माझा जीव थाऱ्यावर नाही. तुमच्या ओळखी आहेत, मशिदीतली माणसं आहेत, कोणाला तरी सांगा. बंदरावरचा नंबर अर्सलानला दिला आहे, खिजरशी तुम्हीच बोला, तुमचं ऐकतो तो.

आणि एक. अकरा तारखेला मी साध्या पोस्टाने एक पत्र टाकलंय. ते आलं तर वाचू नका, फाडून टाका. घरगुती बडबड आहे, रागाच्या भरात लिहिलेली.

रुकय्या


२६ ऑक्टोबर

अहो,

तारीख आली.

अबू सुहाने मोबाईलवर पाठवली, २१ ऑक्टोबर. सोबत फोटो. टाकी त्याच अंगाला कलली आहे, ज्या अंगाला मी शिवली. लिंपलेला खांब तेवढा उभा आहे. खाली त्याने लिहिलंय, "तुमचं काम अगदी तंतोतंत." त्याच्याखाली दुसरा मेसेज, "तुमच्या मुलीची चौकशी केली. पंपघरातून कोणी बाहेर आलं नाही. अल्ला तुम्हाला सब्र देवो." आणि तिसरा, "तारीख सोनेरी धाग्यात हवी."

बघा, माणूस शब्दाचा पक्का. कळवतो म्हणाला होता, कळवलं.

मी मशीनचं बटण बंद केलंय. बिल्ले टेबलावर पडले आहेत, ढीगच्या ढीग, सगळ्यांवर तारखेची जागा कोरी. मी ती भरणार नाही. जोपर्यंत भरत नाही तोपर्यंत काही झालेलं नाही असं मला सारखं वाटतं. वेड लागलंय म्हणा.

या शुक्रवारी फोन वाजला तेव्हा माहीत होतं तो कोणाचा, तरी धावत जाऊन उचलला. खिजरच. तो माझंच सांत्वन करत होता. म्हणाला, "अम्मी, ती तुमच्याबद्दल फार बोलायची. सांदणांचं बोलायची." सांदणांचं, बघा. त्याचं कोणी उरलं नाही, घर त्या टाकीखालीच होतं. मी त्याला म्हटलं, इथे ये. एकटीचा व्हिसा काढला होता, आता एकट्याचा काढीन. ज्याला मी उंबऱ्याशी उभं केलं नाही तोच आता माझ्याकडे येणार, आणि मला तो यायला हवाय. नुसरतचा आवाज त्याने माझ्यानंतर ऐकलेला नाही, पण तिच्या हातचं त्याने खाल्लंय. तेवढं नातं मला पुरे. दर शुक्रवारी तो फोन करतो म्हणाला. त्या फोनसाठी मी जगते आहे, दुसरं काही नाही.

तुम्ही या. भांडा, शिव्या द्या, तोंडात मारा, पण या. शटर अर्धं ओढून मी काउंटरमागे बसलेली असते. तुमचा कात्री ठेवायचा कोनाडा मी तसाच ठेवलाय, कोणाला हात लावू दिला नाही. मयत समोर नाही, कबर नाही, दोघांनी बसून तिच्यासाठी कुराण तरी वाचू. मला एकटीला वाचता येत नाही. अक्षरं दिसत नाहीत.

हे पत्र कुरिअरने पाठवते आहे, वेळ लावू नका.

तुमची
रुकय्या


दाभोळ
९ नोव्हेंबर

रुकय्या,

सलाम.

तुझं सव्वीस तारखेचं पत्र मिळालं त्या दिवशी मी अर्सलानला तिकीट काढायला सांगितलं. बॅग भरली. कुराण वर ठेवलं, तुझ्यासाठी कोकमं घेतली. तीन वर्षं मी उगीच ताणून धरलं असं वाटलं. पोर गेली, आता दोघांनी कशाला एकमेकांना जाळायचं?

निघायच्या आदल्या दिवशी पोस्टमन आला. तुझं अकरा तारखेचं पत्र. तू वाचू नका म्हणाली होतीस. वाचलं.

बॅग रिकामी केली. कोकमं अर्सलानच्या आईला देऊन टाकली.

खिजरशी मी रोज बोलतो. तो अजून तुला अम्मीच म्हणतो, तिकडे गेल्यावर तुझी सेवा करीन म्हणतो. त्याला मराठी येत नाही, म्हणून ते पत्र मी त्याला अरबीत सांगणार आहे, एकेक ओळ करून. तू लिहिलेलं आहे तेवढंच. माझ्या पदरचं काही घालणार नाही. येत्या गुरुवारी सांगेन. त्यानंतरच्या शुक्रवारी त्याचा फोन आला नाही तर त्याचा नंबर बदललाय असं समजू नकोस.

तू पहिल्या पत्रात एक विचारलं होतंस, त्याचं उत्तर द्यायचं राहिलं. पाणी उतरताना टाका उभा घेऊ नये, तिरका घ्यावा. वर दाट ठेवावा आणि खाली येताना विरळ करत जावा, म्हणजे ते तुटत तुटत पडतंय असं दिसतं. धागा पांढरा नको. राखाडी घे. डाव्या हाताच्या दुसऱ्या खणात आहे.

तारीख मशीनवर भरू नकोस. बिल्ल्याच्या आतलं जाड बक्रम नाव आणि टाकी भरताना आधीच दोनदा टोचलंय, आकडे फाटतील. सुईने भर, एकेका बिल्ल्यावर, सोनेरी धाग्यात, त्याला हवी तशी. आपल्या दुकानातून अर्धवट माल कधी गेलेला नाही.

जमालुद्दीन